भूगर्भातील तेलाचे वय कसे ओळखतात?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके सोमवारी सकाळी, पहिली घंटा होण्यापूर्वीच, इयत्ता नववीतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह आमच्या शास्त्राच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. वडील औसा तालुक्यातील शेतकरी. त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेली एक बाटली होती व तीत त्यांच्या विहिरीचे पाणी होते. पाण्यावर निळसर, तांबूस, जांभळ्या रंगांनी चमकणारा तवंग तरंगत होता. जवळच्या बाजारपेठेतील कोणा मध्यस्थाने ती बाटली पाहून त्यांस सांगितले होते की, तुमच्या शेताखाली घासलेटाची खाण आहे. सरकारदरबारी अर्ज करण्यासाठी काही रक्कम आगाऊ द्या, पुढचे सर्व मी पाहतो. ती रक्कम उभी करण्यासाठी घरातील पाटल्या गहाण ठेवण्याचे ठरत आले होते. मुलाने मात्र हट्ट धरला की, आधी शाळेत विचारू.

"गुरुजी, तेल हाय का नाही, एवढं खरं सांगा," इतकेच ते गृहस्थ बोलले.

तवंगाची परीक्षा तर दोन मिनिटांत झाली. तवंग काडीने हलविला असता तो काचेच्या पातळ तुकड्यांसारखा तडकला व ते तुकडे पुन्हा एकमेकांस जुळले नाहीत. खऱ्या तेलाचा तवंग असा तुटत नाही. काडी फिरवली की तो लांबतो, वळसे घेतो आणि काडी काढताच पुन्हा मिळून येतो. ज्या पाण्यात लोखंडाचा अंश असतो आणि जेथे पालापाचोळा कुजतो, तेथे लोखंडावर उपजीविका करणारे सूक्ष्म जंतू असा तवंग निर्माण करतात. बाटलीच्या तळाशी गंजाच्या रंगाचा गाळही बसलेला होता. परंतु एवढ्याने त्या गृहस्थांचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. हा तवंग तेलाचा नाही, एवढेच त्यावरून सिद्ध झाले; खाली खोलवर तेल नाहीच, हे त्यावरून कसे ठरावे? ह्या प्रश्नाचे उत्तर खडकांच्या वयात आहे. ते त्यांस समजावून सांगताना आमच्या ध्यानी आले की, हाच विषय आमच्या सर्व विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढेही मांडावा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तेलाचे वय म्हणजे नेमके कशाचे वय? लातुरास करडईचा व्यापार मोठा, तेव्हा करडईचेच उदाहरण घेऊ. करडई रब्बीत पेरली गेली; दाणा तयार झाला; पुढे केव्हा तरी तो घाण्यात घालून तेल काढले; आणि ते तेल कोणी एका डब्यात भरले. डबा तेलाहून जुना असेल किंवा नवाही असेल. आता कोणी विचारले की, ह्या डब्यातील तेलाचे वय काय, तर दाणा केव्हा तयार झाला, तेल केव्हा गळाले व डब्यात केव्हा आले, ह्या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी येतील. भूगर्भातील तेलाचेही तसेच आहे. समुद्राच्या अथवा सरोवराच्या तळाशी चिखलात सूक्ष्म वनस्पती व जीव गाडले गेले, तो चिखल म्हणजे दाणा. शास्त्रज्ञ त्या थरास जनक खडक म्हणतात. तो चिखल गाळाच्या ओझ्याखाली खोल जाऊन तापला व त्यातून तेल सुटले, तो घाणा. आणि ते तेल वर सरकत एखाद्या सच्छिद्र खडकात साचून राहिले, तो डबा. त्यास साठवण खडक म्हणू. डब्यास झाकण हवे, नाहीतर तेल उडून जाईल. ते काम बहुधा चिकणमातीचा घट्ट थर करतो. सामान्य बोलण्यात "अमुक कोटी वर्षांचे तेल" असे म्हणतात तेव्हा पुष्कळदा केवळ डब्याचे वय सांगितलेले असते, आणि ऐकणारा ते तेलाचेच वय समजतो. ही चूक छापील पुस्तकांतही आढळते.

आपल्या महाराष्ट्राजवळचे मोठे तेलक्षेत्र मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, समुद्रात आहे. "सागर सम्राट" वरील यंत्रांनी तेथे सन १९७४ मध्ये तेलाचा शोध लागला व सन १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. ह्या क्षेत्रास मुंबई हाय म्हणतात. तेथील मुख्य डबा चुनखडकाचा आहे व तो मायोसीन नावाच्या काळातील, म्हणजे स्थूलमानाने दोन कोटी वर्षांपूर्वीचा आहे. परंतु त्यातील तेलाचा दाणा त्याहून पुष्कळ जुना आहे. शेजारच्या खोलगट भागांत सहा ते पाच कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या चिकणमातीच्या व कोळशाच्या थरांत तो आहे असे भूस्तरशास्त्रज्ञ मानतात. तेथे तेल तयार होऊन ते खडकांच्या फटींतून व छिद्रांतून आडवे-उभे सरकत मुंबई हायच्या उंचवट्यावर येऊन थांबले. चुनखडक तयार होऊन त्यावर चिकणमातीचे झाकण बसण्यापूर्वी ते तेथे साठणे शक्य नव्हते. तेव्हा दाणा पाच-सहा कोटी वर्षांचा, डबा दोन कोटी वर्षांचा आणि डबा भरण्याची क्रिया त्याहूनही अलीकडची, असा हा हिशेब आहे.

हे आकडे कसे काढले, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. तेलावर तर कोठे तारीख कोरलेली नसते.

सर्वांत जुनी व आजही सर्वांत उपयोगी रीत जीवाश्मांची आहे. इंग्लंडातील विल्यम स्मिथ नावाचा मोजणीदार कालव्यांच्या कामावर हिंडत असता त्याच्या ध्यानात आले की, प्रत्येक थरात ठराविक शंखशिंपले सापडतात व त्यांचा क्रम कोठेही उलटत नाही. त्या आधारे त्याने सन १८१५ मध्ये आपल्या देशाचा भूस्तरीय नकाशा प्रसिद्ध केला. तेलाच्या विहिरीत मात्र शंख अखंड मिळत नाहीत, कारण छिद्रक त्यांचा चुरा करतो. म्हणून तेथे फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय समुद्री जीवांची कवचे कामी येतात. ती इतकी लहान असतात की चिमूटभर चुऱ्यातही पुष्कळ मिळतात, आणि त्यांच्या जाती लवकर बदलत गेल्यामुळे प्रत्येक जात एखाद्या काळाची खूण ठरते. त्यांच्यापैकी न्युम्युलाइट नावाची जात डोळ्यांनाही दिसते. ती गोल, चपटी, पैशासारखी असते व तिच्या नावाचा अर्थही "लहानसे नाणे" असाच आहे. कच्छ व दक्षिण गुजरातेतील चुनखडकांत ही नाणी विपुल आहेत. ती भरपूर दिसली की भूस्तरशास्त्रज्ञ बहुधा इओसीन काळ, म्हणजे साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांच्या दरम्यानचा काळ, असा अंदाज बांधतो. मायोजिप्सिना नावाची दुसरी जात सापडली तर तो मायोसीनच्या सुमारास येतो. ज्या थरांत समुद्री जीव नाहीत तेथे फुलांचे पराग व नेच्यांचे बीजाणू उपयोगी पडतात.

ह्या कामातील एक बारकावा सांगण्यासारखा आहे. छिद्र खोल जात असता त्यात चिखल सोडतात व तो चिखल खालचा चुरा घेऊन वर येतो. परंतु छिद्राच्या भिंतींवरूनही वरच्या थरांचे कण खाली गळत असतात. म्हणजे दोन हजार मीटरांवरच्या चुऱ्यात पाचशे मीटरांवरचे कवच सहज मिसळते. मग विश्वास कशावर ठेवावा? तर छिद्र खाली जात असता एखादी जात पहिल्यांदा जेथे दिसेल ती जागा विश्वासार्ह मानतात. कण वरून खाली पडतील, खालून वर उडणार नाहीत. ती पहिली भेट म्हणजे त्या जातीचा पृथ्वीवरील अंतिम काळ होय. थोडक्यात, विहीर इतिहास उलट्या क्रमाने वाचते, आणि वाचणाऱ्याने जन्मापेक्षा मृत्यूची नोंद अधिक जपून ठेवावी लागते.

परंतु जीवाश्म केवळ "आधी" व "नंतर" एवढेच सांगतात. वर्षांचा आकडा त्यांच्या अंगी नाही. तो आकडा किरणोत्सर्गी द्रव्यांवरून मिळतो. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र वापरीत. तळाशी बारीक भोक असलेले ते भांडे पाण्यावर सोडले की ठराविक वेळात भरून बुडे. निसर्गातही अशी पात्रे आहेत. पोटॅशियमच्या एका विशिष्ट प्रकारचे अणू अतिशय सावकाश बदलतात. त्यांतील निम्मे संपण्यास १२५ कोटी वर्षे लागतात. बदललेल्यांपैकी साधारण नवव्या हिश्श्याचा आरगॉन वायू होतो, उरलेल्यांचे कॅल्शियम होते. खडक वितळलेला असतो तेव्हा हा वायू निघून जातो. तो थिजला की पुढचा वायू स्फटिकांत अडकू लागतो. पात्र पाण्यावर ठेवल्याचा क्षण तोच.

आमच्या लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्यांस ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. ज्या काळ्या खडकात आपल्या विहिरी खोदल्या आहेत, तो दख्खनचा लाव्हारस होय. त्याचे वय अशाच घड्याळांनी सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे ठरले आहे. एवढ्या काळात शंभरांतील जेमतेम साडेतीन पोटॅशियम-अणू बदलले असतील. तरीही ते मोजता येतात. शास्त्रज्ञांच्या तराजूची ही सूक्ष्मता आम्हांस कोणत्याही चमत्काराहून अधिक विस्मयकारक वाटते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. प्राचीन लाकडाचे अथवा हाडाचे वय ज्या कार्बन-१४ वरून काढतात, त्यावरूनच तेलाचेही काढीत असतील, असे पुष्कळांस वाटते. ते तसे नाही. कार्बन-१४ चे निम्मे आयुष्य केवळ ५,७३० वर्षांचे आहे. पन्नास हजार वर्षांनंतर त्याचा मोजण्याजोगा अंश उरत नाही. मग कोट्यवधी वर्षांच्या तेलात तो कोठून असणार? तासाचे घटिकापात्र घेऊन शतके मोजू गेल्यासारखे ते होईल.

प्रत्यक्ष तेलाची साक्ष घेण्याच्या रीती अलीकडच्या आहेत. तेलात मूळ जीवांच्या देहातील काही रेणू जवळजवळ जसेच्या तसे टिकून राहतात. ओलिअनेन नावाचा रेणू सपुष्प वनस्पतींपासून येतो. पृथ्वीवर सपुष्प वनस्पतींचा प्रसार क्रिटेशस काळात झाला, म्हणून ज्या तेलात हा रेणू भरपूर आहे त्याचा दाणा त्यापूर्वीचा नसणार. ही खूण वर्ष सांगत नाही, पण घराणे सांगते. दुसरी रीत रेनियम व ऑस्मियम ह्या विरळ धातूंची. काळ्या, सेंद्रिय चिखलात हे धातू शोषले जातात; रेनियमचे ऑस्मियम होते, व त्या दोहोंच्या प्रमाणावरून त्या चिखलाचे, आणि क्वचित प्रसंगी खुद्द तेलाचेही, वय काढता येते. तिसरी युक्ती आम्हांस सर्वांत चतुर वाटते. वालुकाश्माच्या छिद्रांत पाणी असते तोवर त्यात इलाइट नावाच्या मातीचे सूक्ष्म स्फटिक वाढत राहतात. तेल आले की पाणी हटते व ही वाढ खुंटते. इलाइटमध्ये पोटॅशियम असतेच. तेव्हा सर्वांत शेवटी वाढलेल्या स्फटिकांचे वय काढले की डबा केव्हा भरला ते कळते. अर्थात ही रीत सर्वत्र लागू पडत नाही, आणि तिचे निकाल इतर पुराव्यांशी ताडून पाहावे लागतात.

तेलाचा दाणा नुसता जुना असून भागत नाही, तो शिजावाही लागतो. साधारणतः ६० ते १२० अंश सेल्सिअस ह्या उष्णतेच्या टप्प्यात तेल तयार होते. कमी झाले तर दाणा कच्चा राहतो, फार झाले तर तेलाचा वायू होतो. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरास २५ ते ३० अंश उष्णता वाढते असे धरले, तर दोन ते चार किलोमीटर खोली हवी, आणि तीही लक्षावधी वर्षे टिकून राहिलेली हवी.

आता आपल्या पायाखाली काय आहे ते पाहू. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी त्या रात्रीची आठवण आहे. तिचे वर्णन आम्ही येथे करीत नाही. ज्या भागास शास्त्रज्ञ स्थिर समजत होते तेथे असे का व्हावे, हे शोधण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने पुढे किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यामुळे लातूर जिल्ह्याच्या पोटातील खडक प्रत्यक्ष हाती आले. वर ३३८ मीटर काळा लाव्हा-खडक. त्याखाली केवळ ८ मीटर गाळाचा थर. आणि त्याखाली छिद्राच्या तळापर्यंत प्राचीन स्फटिकी खडक. ह्या शेवटच्या खडकात झिरकॉन नावाचे कठीण स्फटिक असतात व त्यांत युरेनियमचे घड्याळ असते. त्यावरून त्याचे वय सुमारे २५७ कोटी वर्षे निघाले. म्हणजे मुळातील युरेनियमचा जवळजवळ तिसरा हिस्सा शिसे होऊन गेला आहे. ज्यांस हा खडक पाहावयाचा असेल त्यांनी नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस देगलूर-बिलोलीकडे जावे. तेथे काळ्या खडकाची चादर संपते व तिच्याखालचे गुलाबी-करडे ग्रॅनाइटाचे गोटे उघड्यावर पडलेले दिसतात. लातुरास जे तीनशे मीटरांहून अधिक खोल आहे, ते तेथे गुरे राखणाऱ्या मुलाच्या पायाखाली आहे.

हे स्फटिकी खडक एके काळी अतितप्त होते. त्यांत सेंद्रिय चिखल नाही. म्हणजे दाणाच नाही. केवळ वय अधिक म्हणून तेल नाही असे मात्र समजू नये. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात मॅकआर्थर खोऱ्यात सुमारे १४० कोटी वर्षांपूर्वीच्या, न तापलेल्या गाळात तेलाचे अंश मिळाले आहेत. तसेच काळा खडक वर आला म्हणजे खाली काहीच नाही असेही नव्हे. तापी-नर्मदेच्या बाजूस ह्याच खडकाखाली जुन्या गाळाचे जाड थर असावेत म्हणून शोध घेण्यात आला आहे. प्रश्न वरच्या झाकणाचा नाही, खाली काय झाकले आहे ह्याचा आहे.

काळ्या खडकाच्या थरांमधील व त्याखालील गाळाचा विचार निघाला म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांचे स्मरण होते. हे स्कॉटलंडचे मिशनरी सन १८४५ मध्ये नागपुरास आले. शाळा चालविता चालविता त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह नागपूरजवळच्या टाकळी येथील लाव्हाच्या थरांमधील गाळातून फळे, बिया, शंख व माशांचे अवशेष गोळा केले आणि सन १८५५ मध्ये लंडनच्या भूस्तरशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन लाव्हांच्या मध्ये इतका काळ गेला होता की तळी भरली, झाडे वाढली व मासे पोसले गेले, हे त्यांनी किरणोत्सर्गाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी दाखविले. सन १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत असता, पूर आलेल्या ओढ्यात ते बुडून मरण पावले. त्यांच्या नावाने नागपुरात महाविद्यालय आहे. गोळा केलेला प्रत्येक शंख कोठे व कोणत्या थरात मिळाला हे टिपून ठेवण्याची त्यांची सवय आमच्या विद्यार्थ्यांनी उचलावी; आमच्या संग्रहात मुलांनी आणून दिलेले पुष्कळ सुंदर दगड केवळ गावाचे नाव न लिहिल्यामुळे निरुपयोगी झाले आहेत.

हे सर्व आम्ही त्या शेतकरी गृहस्थांस फळ्यावर आकृती काढून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले व मग असा एक प्रश्न विचारला की आमच्या दहावीच्या वर्गातही तो कोणाच्या मनात आला नसता. "ते मधले आठ मीटर हायत ना, गुरुजी, त्यात का नसावं?"

प्रश्न रास्त होता. २५७ कोटी वर्षांच्या खडकावर साडेसहा कोटी वर्षांचा लाव्हा पसरला. मधल्या सुमारे २५० कोटी वर्षांची खूण म्हणून किल्लारीस केवळ आठ मीटर गाळ उरला आहे. एवढ्या काळात जे काही साचले असेल त्यातील बहुतेक पुन्हा झिजून वाहून गेले. उरलेल्या त्या पातळ थरावर आज ३३८ मीटर खडक आहे. आपल्या हिशेबाप्रमाणे त्यामुळे उष्णता फार तर दहा अंशांनी वाढेल. वरचा काही लाव्हा झिजून गेला असे धरले तरी दोन किलोमीटरांचे ओझे त्यावर होते असे मानण्यास येथे आधार नाही. त्यावर ते म्हणाले, पण तो रस तर उकळता होता! हेही खरे. परंतु लाव्हाची आच वरवर भाजते व निघून जाते. आपल्या विहिरींच्या भिंतींत दोन काळ्या थरांच्या मध्ये गेरूसारखा लाल पट्टा दिसतो, तो अशाच आधी झिजून मुरलेल्या व मागाहून वरच्या रसाने भाजलेल्या मातीचा. तव्यावर भाकरी भाजते, पण तवा क्षणभर टेकवून हरभऱ्याची डाळ शिजत नाही. तेल शिजण्यास मंद आच व अतिदीर्घ काळ लागतो.

डाळीचा दाखला त्यांस पटलासा दिसला. खनिज तेल काढण्याचा अधिकार सरकारी परवान्यावाचून कोणासही नाही व असा परवाना बाजारातील मध्यस्थ मिळवून देत नाही, हेही आम्ही त्यांस सांगून ठेवले. पाटल्या घरातच राहिल्या. विहिरीतील पालापाचोळा व गाळ काढून टाकण्याचे त्यांनी कबूल केले, आणि दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा त्यांच्या मुलाने दुसरी बाटली आणली; तीत तवंग नव्हता. दोन्ही बाटल्या शास्त्राच्या खोलीतील कपाटात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. त्यांवर गावाचे नाव, विहिरीची खोली व तारीख मुलाने स्वतःच्या हाताने लिहिली आहे.